फाटक कुणाच्या नावानं उघडायचं

१५ जाने. १९५५, शनि.
जिंकलो! दत्ता भावजी लष्करी डेपोतल्या ड्यूटीवरून सायकल दामटत आले, चपला कुठं, टोपी कुठं. "वयनी, कॅम्प डे गेला! बोर्डावर कागद लागला." ४ मार्चची सुट्टी रद्द, बदल्यात दसऱ्याला एक दिवस जास्त. म्हणजे माझा अर्ज लागू पडला. लिहिला मी, सह्या भावजींनी डेपोतल्या पोरांच्या गोळा केल्या. गोरा साहेब तंबू ठोकून इथं उतरला तो दिवस आम्ही स्वराज्यात पेढे वाटून का साजरा करायचा? त्याच दिवशी त्यानं आमची बोरवाडी उठवली! जुनं गाव तारेच्या आत गेलं नि लोक इकडं माळावर आले. आणि त्याच गावची पोरं त्याच्या नावानं कुस्त्या खेळणार. वा रे वा.
शिरा केला. माहेरी पत्र टाकायला हवं. बेचाळीसला दादा तुरुंगात होते, त्यांना ऐकून बरं वाटेल.
मामंजींनी शिरा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाले, "आन् फाटकाचं काय?"
कपाळावर हात मारून घेतला.

१६ जाने.
झोप नाही. एवढी शिकलेली मी, ट्रेंड मास्तरीण, आणि हे सुचू नये?
बोरजाई आत आहे. जुन्या गावची आई, बोरीखालचा शेंदराचा दगड. वर्षातून एकच दिवस, कॅम्प डेला, गावाला फाटक उघडतं. कुणा साहेबानं खुशीत येऊन परवानगी दिली ती तशीच चालत आली. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांची ओटी त्या दिवशी आईपुढं भरायची. तोवर ती घरची सून, गावची नव्हे. दुसरीची ओटी भरायला तिला कुणी बोलवत नाही. माझीही तिथंच भरली. मागं साहेबाचा बँड चाललेला, पुढं मी नाकात नथ सावरत. तेव्हाच राग आला होता.
आणि यंदा आमच्याच घरात नवी सून आहे. कुसुम, भावजींची. मार्गशीर्षात लग्न झालं. तिनं सकाळी भाकरी थापता थापता विचारलं, "अक्का, मंग माझी वटी?"
म्हटलं, "होणार. मी आहे ना." म्हटलं खरं.

१९ जाने.
ह्यांना सांगितलं तर हे हसतात. "अर्ज करताना इचारलं आस्तं तर मी सांगितलं नसतं का?" विचारलं होतं! तेव्हा हे कूस बदलून झोपले होते. नवरे असेच.
भागीरथीकाकू (चुलतसासू) ओट्यावर येऊन ऐकवून गेल्या. "शिकल्याली सून आणली, देवीचं दार बंद केलं." चहा मात्र दोनदा घेतला.
चूक झाली ती फाटक विसरल्याची. अर्ज केला ते बरोबरच. पुन्हा करीन.

२६ जाने., बुध.
शाळेत झेंडा. दोरीची गाठ वर अडकली, पाटलाच्या दिनूला खांबावर चढवला. पाहुणे म्हणून डेपोचे मेजरसाहेब. तरणा माणूस, दिल्लीकडचा, हात जोडून बोलतो. पोरांचं गाणं संपेपर्यंत मी कशीबशी थांबले, मग लाडूची बशी घेऊन सरळ समोर उभी राहिले. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं.
ऐकून घेतलं, ते मान्य. म्हणाले, गावाला आत घ्यायचा हुकूम जुना आहे आणि तो फक्त कॅम्प डेपुरता. एरवी आत माल, दारूगोळा, बाहेरचा माणूस चालत नाही. "आप लिखकर दीजिए, बाईजी."
लिहिते. त्याची काय भीती आहे मला?

३० जाने., रवि.
मारुतीच्या पारावर बैठक. मी बाईमाणूस म्हणून आधी कडेला बसले, मग राहवेना, पुढं गेले.
किसन पाटील म्हणाले, "जुनं नाव राहू द्या. सायेब काय, मेजर काय, आईचं दार उघडलं म्हंजी झालं. आमी कुठं सायेबाला पूजतो?"
भावजी उसळले. "आमाला भाइर काढलं त्याचे पेढे आमीच खायचे व्हय? नाव बी नगं, दिस बी नगं. पंधरा आगस्टला फाटक मागा!"
पंधरा ऑगस्टला आत परेड, त्या दिवशी तर चिमणीला सोडत नाहीत. मी म्हटलं, दिवस हाच हवा. कारण हा दिवस साहेबाचा नव्हेच. तो उतरला, पण उठलो आपण. फुटकी मडकी, म्हातारी माणसं, शेरडं घेऊन जे चालत आले त्यांचा हा दिवस. 'गाव उठल्याचा दिवस' म्हणा, आणि त्या नावानं फाटक मागा. सुट्टी देवोत न देवोत.
मग पाटील म्हणाले, "सरकार आसलं नाव लावील व्हय?"
मामंजी तेव्हा पोरसवदा होते, गाव उठलं तेव्हा. त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "मी आईचा बोकड वढत आणला. तेवढंच याद हाय." आणि उठून घरी गेले.
ठराव झाला मी सुचवलेल्याच नावाचा. पाटलांनीही हात वर केला, नाइलाजानं का होईना.

१२ फेब्रु.
कुसुम आणि भावजींबरोबर कुसुमच्या माहेरी, चाकणकडं. बाजारात खण घेतला, हिरवा, लाल काठाचा. तिच्या आईनं पहिलाच प्रश्न विचारला, "वटी कवा?" पोर जमिनीकडं बघत राहिली. मीच ठणकावून सांगितलं, चार मार्चला. बोलून बसले आहे, आता होऊ दे.
येताना एस.टी.त भावजी सांगत होते, पिंपरीकडं नव्या कारखान्यासाठी शेतांत खुंट्या ठोकतायत. कारखाने हवेतच, मी वर्गात तेच शिकवते. आपलं सरकार आहे, मोबदला मिळेल. पण तिथल्या बांधावरच्या म्हसोबाला कोणत्या दिवशी भेटायचं, हे कुणी विचारून ठेवलं असेल का? आम्ही नव्हतं ठेवलं.

२४ फेब्रु.
मेजरसाहेबांनी बोलावलं. हे आणि मी गेलो. खुर्ची दिली, चहा दिला, तेव्हाच ओळखलं काहीतरी कमी देणार आहेत.
चार तारखेला दुपारी फाटक उघडतील. सुट्टी नाही, पण गावच्या लोकांना आत सोडतील. मी उठायच्याच बेतात, तर म्हणाले, फाटकावरच्या वहीत कारण मात्र 'कॅम्प डे' लिहावं लागेल. त्याच्याच हुकुमावर सोडता येतं. 'गाव उठल्याचा दिवस' असा कुठला हुकूम नाही. ठराव वर पाठवला आहे, उत्तर कधी येईल सांगता येत नाही.
म्हटलं, "सुट्टी तुम्ही रद्द केलीत. मग कॅम्प डे उरला कुठं?"
हसले बिचारे. "रजिस्टर में है."
परत येताना हे म्हणाले, "लिहू दे की. शाईनं काय व्हतंय?"
मला इतका राग आला की वाटेत बोललेच नाही. घरी आल्यावर पुष्कळ बोलले.

३ मार्च
घरात दोन तट. भावजी म्हणतात, त्या नावानं गेलो तर अर्ज कशाला केला. हे म्हणतात, कुसुमचा विचार करा, भागीरथीकाकू तिला वर्षभर कोपऱ्यात बसवतील. आणि बसवतीलच. परवाच्या डोहाळजेवणात तर आतच घेतलं नाही. पोर दारातून परत आली, घरी येऊन तांदूळ निवडत रडली. मला फार लागलं ते.
माझं मला पक्कं ठाऊक आहे मी काय करीन. पण ओटी माझी नाही.

४ मार्च, शुक्र.
फाटकावर पंचवीसेक बाया. कुसुम हिरव्या खणात, नारळ, तांदूळ, हळदकुंकू सगळं. आत पोरं कामावर. खिडक्यांतून बघत होती. भावजीही असतील.
शिपाई आपल्याच बाजूचा, जुन्नरचा. पेन उघडून म्हणाला, "कॅम्प डे लिहितो बाई, एकेकीचं नाव सांगा."
मी म्हटलं, "गाव उठल्याचा दिवस लिही."
"तसं लिहिलं तर मला नाही सोडता येणार. माझी नोकरी जाईल."
खरं होतं त्याचं. त्याच्यावर कशाला ओरडायचं? भागीरथीकाकू मला कोपरानं सारून पुढं झाल्या, नाव सांगितलं, आत गेल्या. त्यांच्या मागं बऱ्याच. जाताना काहींनी माझ्याकडं बघायचं टाळलं. त्यांचंही मला चुकीचं वाटत नाही.
कुसुमला म्हटलं, "तू म्हणशील तसं. जायचं असलं तर मी स्वतः तुझं नाव सांगते. मनात काही धरणार नाही."
तिनं विचारलं, "अक्का, तुमची वटी सायबाच्या नावानं भरली?"
"हो."
"मंग माझी नगं."
पदर सावरून फाटकाच्या दगडाला टेकून उभी राहिली. तिच्यामागं आणखी सहासात जणी राहिल्या. ऊन चटकत होतं. मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. अठरा वर्षांच्या पोरीला मी कशात ढकललं?
तेवढ्यात मामंजी काठी टेकत आले. मला वाटलं, आमच्याजवळ उभे राहतील. ते सरळ शिपायापुढं गेले. "लिव काय लिवायचं ते." आणि आत गेले. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
बराच वेळ आत होते. परत आले ते सरळ घरी. रात्री जेवले नाहीत. मीही विचारलं नाही. रागच होता.

५ मार्च
भागीरथीकाकूंनी शेजारी प्रसाद वाटला, आमच्या घराला वगळून.
मेजरांकडं स्मरणाचा कागद पाठवला. उत्तर नाही. भावजी म्हणतात, पुढच्या वर्षी अख्खं गाव फाटकावर थांबवू. म्हटलं, पुढच्या वर्षाचं नंतर, मला या वर्षीचं हवंय.

८ मार्च, होळी.
चौकात होळी. पूजेला भागीरथीकाकूंनी हाक दिली, "वटी झाल्याल्या सुना म्होरं या." कुसुम नैवेद्याचं ताट घेऊन जागीच थांबली. मान खाली घातली नाही, हे मी बघितलं.
मला सहन होईना. मामंजी शेजारीच उभे होते. सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, सासरे असले म्हणून काय झालं. "तुम्ही साहेबाच्या नावानं आत गेलात. घरच्या सुनेला बाहेर ठेवून आईकडं मागितलंत तरी काय?"
भागीरथीकाकू पूजा सोडून वळल्या.
मामंजी म्हणाले, "मागितलं काय न्हाई. मी आता म्हातारा झालो, माझ्यानं थांबवंना म्हनून गेलो. आईला येवढंच सांगितलं, तुज्या सुना दाराभाइर उभ्या हायेत. म्हटलं, आता तू भाइर ये."
म्हणजे आता ओटीला फाटक लागायचंच नाही? होळी पेटवायची कुणी, हेच जो तो विसरला. पाटील भागीरथीकाकूंकडं बघत होते, काकू कुसुमकडं.
कुसुम अजून ताट घेऊन तिथंच उभी होती.