उंबराच्या पाण्याला बीबॉप

राजोडी, वसई
१२ नोव्हेंबर १९९८

चि. बेला हिस अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी तुझ्यासाठी सुके बोंबील पाठवल्याशिवाय तिला चैन नाही. नाताळ झाला की लग्नं सुरू. २७ डिसेंबरला आपल्या रेजिनाचं उंबराचं पाणी आहे. नवरीसाठी विहिरीवरून पाणी आणायचं आणि आपल्या बँडमध्ये सॅक्सोफोन नाही, हे शोभेल का? आजोबांचं वाद्य आहे ते. त्याआधी ते घेऊन घरी ये.

तुझी कॅसेट ऐकली. बीबॉप की काय ते. वाघ मागे लागल्यासारखी पळतेस अगदी. ज्या धुनेवर पावलं पडत नाहीत, तिला मी धून म्हणत नाही.

लोभ आहे, रागही आहे.
तुझा पपा,
बेसिल

बंगळूर
२० नोव्हेंबर १९९८

ती. पपांस, शि. सा. न. वि. वि.

बोंबील पोचले. घरमालकीण नाक दाबून फिरते आहे.

स्पष्टच लिहिते. मी येणार नाही, सॅक्सोफोनही पाठवणार नाही. ड्रमवाला उमंग काविळीने आडवा झाला, म्हणून माझ्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग ४ जानेवारीवर गेलं, आणि तोवर नाताळातही रोज तालीम आहे. ही तारीख हुकली तर स्टुडिओ पुन्हा मिळणार नाही, आणि दुसऱ्या वाद्यावर माझी बोटं बसत नाहीत. रेजिनाची मी माफी मागितली आहे.

बीबॉप हा जॅझचाच प्रकार. त्यात सूर ठेक्याला हुलकावणी देत पळतात, पण वेळेवर घरी येतात. तुमचा ठेका पोटात आहे म्हणून मला ते जमतं. एकदा तुमच्या ट्रंपेटवर वाजवून तर बघा, मग खुशाल नावं ठेवा.

रागावलात तरी आशीर्वाद आखडता घेऊ नका.
तुमची हट्टी
बेला

राजोडी
२८ डिसेंबर १९९८

चि. बेला हिस अ. उ. आ.

काल पाणी झालं. वाजवताना थॉमसकाका सारखा बँडमधल्या तुझ्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच मी तुझी धून बसवली होती. ओठ सुजले. विहिरीवरून परतताना सुरू केली, निम्मी चुकलीच असेल. चार पावलांत सगळा घोळ. बायका एकमेकींवर आदळल्या, कळशांतलं पाणी सांडलं. रेजिनाच्या मावशीने ओरडून विचारलं, चालायचं की थांबायचं? मी काही वाजवणं सोडलं नाही, म्हणून ती थांबली. मग सगळेच थांबले. भरल्या कळशा डोक्यावर घेऊन, भर वाटेत, धून संपेपर्यंत.

आजोबांपासून आपला बँड आहे, बेला. लोक आपल्या मागून चालले, नाचले, भांडलेसुद्धा. ऐकायला म्हणून कधी कुणी थांबलं नव्हतं.

सॅक्सोफोन राहू दे तिकडे. अल्बमची पहिली कॅसेट मात्र इकडे यायला हवी. तोवर जीव तुझ्यातच.
पपा

ता. क. गुडघा धरून तुझी आईही उभीच होती.