बटणाचा फोटो आता चालत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा खुर्चीत बसूनच वाकले असं समज). तुझा खोकला गेला का? भाऊजींची वकिली सुटली, पण वाद घालायची खोड सुटली का? मी मजेत आहे. इतकी मजेत, की माझी मलाच लाज वाटते.

नातीचं ते फोनवरचं बटणांचं दुकान तुला ठाऊक आहेच. तिनं त्यात एक युक्ती बसवली होती. कोटाचं एखादं बटण हरवलं, की उरलेल्याचा फोटो काढून पाठवायचा. दुकान आपोआप त्याची भावंडं हुडकून दाखवी. (मी गंमत म्हणून बिस्किटाचा फोटो पाठवला. चार भोकांची तपकिरी बटणं आली, अगदी हुबेहूब!) पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात. तेवढ्यात एका बड्या दुकानाची नोटीस आली, की फोटोवरून माल शोधायचं पेटंट आमचं आहे. पेटंट म्हणजे, ही अक्कल आमची, दुसऱ्यानं चालवायची नाही, असा सरकारी शिक्का. नात म्हणाली, "आजी, माझी रीत वेगळी आहे गं." तिचा वकीलही म्हणाला, वेगळीच आहे, पण ते सिद्ध होईस्तोवर दुकान विकावं लागेल. झालं! पोरीनं ती युक्ती दुकानातून काढून टाकली आणि त्या जागी माझा फोन नंबर घातला.

आता लोक मला बटणाचं वर्णन सांगतात. एक शिंपी म्हणाला, "करडं आहे, जरा उदास." एक बाई बटणावरून निघाली ती नवऱ्यावर घसरली (बटण त्याच्याच शर्टाचं). मी तिला धीर दिला आणि बटणं भलतीच पाठवली. मग काय, तिचा पुन्हा फोन! दिवसभर घरात माणसांचा आवाज आहे, ताई.

पण पोरीकडे बघवत नाही. पूर्वी काही सुचलं की जेवण अर्धं टाकून उठायची, मी ओरडायची. परवा धाग्याचा रंग जुळवायचं काहीतरी सांगू लागली, मधेच थांबली. म्हणाली, "जाऊ दे, हेही कुणाचं तरी असेलच." आणि मुकाट्यानं जेवली. हल्ली ताट लख्ख करून उठते.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. भाऊजींना म्हणावं, पोरीचा खटला घ्या.

ता. क. पण सावकाश चालवा म्हणावं. जिंकलात की माझा फोन मुका होईल.

ता. क. वरचं वाचू नकोस. आत्ता फोन नातीनं उचलला आणि न शोधताच सांगितलं, तसलं बटण नाही आमच्याकडे. होतं गं, खोका तिच्या हाताशीच होता. भाऊजींना उद्याच्याच गाडीत बसव.