पुठ्ठ्याचे कीबोर्ड

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (तुझे गुडघे वाकत नाहीत असं कळलं, म्हटलं घरातल्या कुणाचे तरी वाकावेत.) औषध वेळेवर घेतेस ना? की अजून गोळ्या कुंडीत पुरतेस? माझं अक्षर तुला लागत नाही, म्हणून शिक्षकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टाइप करतेय. कपाटापलीकडेच मुख्याध्यापक बसलेत, पण लिहिलेलं काही ऐकू जात नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

राज्याची ऑनलाइन चाचणी आता वर्षातून तीनदा असते. मुलं कुठवर आलीत ते मध्येमध्ये बघायचं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच आहे, पण आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीला बारा महिने कुलूप. मुख्याध्यापक (माणूस देवासारखा, म्हणजे कितीही हाका मारा, येत नाही) म्हणतात, मुलांनी हात लावला की यंत्रं झिजतात. त्यांच्या पोटाखाली टेबल झिजलं, त्याचं काही नाही!

मग मी मुलांकडून पुठ्ठ्याचे कीबोर्ड करून घेतले. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चौकोन आखले, त्यात आकडे नि अक्षरं. आता पुठ्ठ्यावर कुणी काय दाबलं, हे मला कळणार कसं? म्हणून नियम केला, जे दाबाल ते मोठ्याने म्हणायचं. "पाच! शून्य! एंटर!" वर्ग असा दुमदुमायचा म्हणतेस! मी तर हवेतच होते.

चाचणीच्या दिवशी कुलूप निघालं, मुलं खऱ्या कीबोर्डसमोर बसली. देखरेखीला आलेल्या बाईंनी "अगदी शांत बसायचं" म्हणून बजावलं. पहिल्याच उत्तराला अख्खी खोली ओरडली. बाईंचा चष्मा हातातून पडला. मी तोंडावर बोट ठेवलं, डोळे वटारले, शेवटी हात जोडले, पण शिकवलं होतं मीच, आणि तेही पक्कं. त्यात आमची तुतारी (पोर गुणी आहे, पण तिने हजेरी दिली की रस्त्यावरची माणसं वळून बघतात). तिचा आवाज सगळ्यांच्या वर, त्यामुळे बाकीच्यांनी आपलं सोडून तिचं दाबलं. आणि तिचं गणित तुझ्या गोळ्यांइतकंच नियमित आहे गं! सगळ्या वर्गाची उत्तरं सारखी, आणि सारखीच चुकलेली.

वरून विचारणा आली, कॉपी झाली का? आता सोमवारी फेरचाचणी आहे. पुन्हा आवाज निघाला तर निकाल रद्द, आणि सुट्टीभर सगळ्यांनी शाळेत यायचं. पोरांनी काही चोरलं नाही, आत्या. मी सांगितलं तेवढंच केलं. त्यांच्याकडे बघितलं की मला भरून येतं. सध्या दातांत पेन्सिल आडवी धरून पुठ्ठ्यावर सराव चाललाय. शब्द बंद झालेत, पण वर्ग गुरगुरतो.

बाकी मी मजेत. माझी काळजी करू नकोस.

तुझी भाची

ता. क. तू वर्गात नुसती बघायचीस आणि मागच्या बाकावरची कुजबुज बंद व्हायची. सोमवारी येशील का? दारात खुर्ची टाकते. बोलायचं काही नाही, फक्त बघायचं. न्यायला-आणायला मी येईन, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

ता. क. २. मुलांना शिकवता शिकवता मलाही तीच खोड लागलीय, हे आत्ता कळलं. हे सगळं पत्र मी मोठ्याने म्हणत टाइप केलंय. मुख्याध्यापक कपाटामागून आले, कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आत्याबाईंना माझाही नमस्कार लिहा. तेवढं पोटाचं खोडा."