हिरवी जीभ

मोहोपाडा,
रविवार, ता. २४ नोव्हेंबर १९७४

ती. उमाताईस मधूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आम्ही खुशाल. पद्मजाने क्वार्टरमागे वाल पेरलेत, त्यांची बडदास्त माझ्याहून बरी चालली आहे.

तू वर्गातल्या मुलांसाठी एखाद्या अनोळखी धातूची माहिती मागितलीस. घे, व्हॅनेडियम. नाव एका परदेशी देवीचं, कारण रंग फार देखणे: त्याची द्रावणं पिवळी, निळी, हिरवी, जांभळी होतात. पोलादात चिमूटभर घातला की पोलाद चिवट होतं. चौक गावच्या गॅरेजमधल्या चांगल्या पान्यांवर त्याचं नाव कोरलेलं असतं. आमच्या कारखान्यात गंधकाचं आम्ल करताना तापलेला वायू ह्याच्या गोळ्यांच्या थरांतून सोडतात. वायूचं रूप पालटतं आणि हा मात्र होता तसाच राहतो.

वर्षातून एकदा भट्टी थंड करून त्या गोळ्या चाळाव्या लागतात. त्यांची धूळ पोटात-छातीत गेली, की माणसाची जीभ हिरवी पडते.

इथवर लिहून तीनदा उठलो. वालांना पाणी घालून आलो. सकाळीच घातलं होतं.

नियम असा, की ज्याची जीभ हिरवी त्याने आठवडाभर घरी बसायचं, हजेरी बंद. रोज सकाळी फाटकावर जिभा तपासून सही करायचं काम माझं. आपल्या भिसेगावच्या सोनुबाईचा मुलगा गजाही यंदा ह्या चाळणीवर होता. तूच त्याला चिठ्ठी देऊन पाठवलं होतंस, 'मधू, पोरगा कामाचा आहे, चिकटव.' चिकटवला.

चौथ्या दिवशी बघतो तर सकाळी आठला अख्ख्या पाळीची तोंडं पानाने रंगलेली! पानातल्या काथाने हिरवं लपतं, हे त्यांनी शोधून काढलेलं. मला कळलं नाही असं समजू नकोस. गजाला म्हटलं, "काय रं, वरातीला निघालास का?"

तो हसला. "दादा, घरी नका बसवू. माज्या जागेवर उद्या दुसरा यील."

मी सही केली. भट्टी वेळेत पेटली तर बढती, असं साहेबांनी आधीच सुचवलं होतं. ताई, मी बढतीसाठी सही केली. गजाची दया हे कारण मी मागाहून जोडलं.

पंधरा दिवसांत त्याला धाप लागायला लागली, जिना चढवेना. डॉक्टरांना त्याने धुळीचं काहीच सांगितलं नाही, नोकरी जाईल ह्या भीतीने. त्यांनी क्षय धरला. सुया चालू आहेत. चाळणी अजून संपलेली नाही, आणि उद्या हा गडी पुन्हा तिच्यावर येणार!

आज सकाळी त्याची बायको जनी आली होती. "दादा, हजेरीतनं त्यांचं नाव काढू नका. उद्या कामाव येत्यात," म्हणाली. पद्मजाने तिला चहा दिला. मी बसून डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि तिला वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवली. 'ह्याच्या छातीत व्हॅनेडियमची धूळ आहे. क्षय नसावा. तोंड धुवून जीभ पाहावी. जीभ हिरवी असणार हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याला आत सोडलं.'

"तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

तिने कप खाली ठेवला. "आमी पोर म्हायेरी धाडलं. मी त्यांचं ताट गोठ्यात नेऊन ठिवलं, दादा. गोठ्यात."

चिठ्ठी पदराला बांधून ती गेली. चहा तसाच राहिला होता, तो अजून कुणी उचललेला नाही.

त्याच चिठ्ठीची नक्कल उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो आहे. गजाला फाटकातून आत सोडणार नाही. बढती गेलीच, नोकरीचं दुपारपर्यंत कळेल. पद्मजाला हे नोकरीचं अजून सांगितलेलं नाही, ह्यानंतर तेच करायचं आहे.

भिसेगावात असताना मी जांभळं चोरून खाल्ली, की तू दारातच अडवायचीस, "मधू, जीभ दाखव." मी कधी आपण होऊन दाखवली नाही.

आज न विचारता दाखवतो आहे.

तुझा
मधू