निळ्या जुडीतली हिरवी वायर

१२ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. आईची तब्येत बरी आहे, बाबांची कामं जोरात आहेत, मीही मजेत. तू घरचा फोन कापतोस म्हणून पत्र लिहितेय. पत्र निदान फोडावं तरी लागतं.

आधी चांगली बातमी. बाबांना नव्या दवाखान्याच्या विजेच्या मेन पॅनेलचं काम मिळालंय, सोमवारी सुरू होईल. एवढं मोठं पॅनेल त्यांनी आजवर जोडलेलं नाही. आरशासमोर भांग पाडताना शीळ घालतात. दुसरी बातमी, मी कॉम्प्युटर घेतला. सुटे भाग आणून स्वतः जोडला. बाबांच्या प्रत्येक कामाचा नीट नकाशा काढून द्यायचा, कोणत्याही कामगारानं अंदाजावर वायरीला हात घालू नये, असं मी ठरवलंय. हसू नकोस. आई हसतेच. म्हणते, "घरात एक पदवी आली आणि रोजचं भाषण सुरू झालं."

पहिल्या दिवशी तो छान चालला. दुसऱ्या दिवशी बाहेरून येऊन बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ. सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही म्हणे. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे.

"काय हो इंजिनेरीणबाई, पास झालात ना नक्की?"

मी सेटिंगमध्ये शिरले. यादीत डिस्कचं नावच नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केला, नाव आलं. हायसं वाटतंय तोवर परत गेलं. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम बदलून पाहिला, सगळी सेटिंग मूळपदावर आणली. काही फरक नाही. नवीकोरी डिस्क अशी येतेजाते कशी? शेवटी डब्याचं झाकण काढलं, तर आतल्या सगळ्या वायरी ओळीत, मेणाच्या दोऱ्यानं चापूनचोपून बांधलेल्या.

"बाबा, तुम्ही उघडला होता हा?"

"मग? आत काय तो गुंता! वायरमनच्या घरात शोभतो का?"

डिस्कची केबल मागच्या बाजूनं न्यायची म्हणून त्यांनी ती काढली आणि परत लावली. उलटी. खरं तर ती उलटी बसत नाही, तिच्या तोंडाला एका टोकाशी कोपरा असतो, बघितलं की कळतं. त्यांनी बोटांनी चाचपून जोर लावला आणि डिस्कच्या खाचेतली प्लॅस्टिकची जीभ मोडली; मग केबल सुलटी केली, पण ती सैलच राहिली. मी केबल दाबून धरली की कॉम्प्युटर सुरू, सोडली की बंद.

एवढंच असतं तर मी त्यांना आयुष्यभर चिडवलं असतं. मग जुड्या पाहिल्या. बाबांची पद्धत तुला माहीत आहे, एका रंगाची एक जुडी. निळ्या वायरींच्या जुडीत हिरवी होती. दुसऱ्या जुडीत पुन्हा तेच. गाठी अगदी त्यांच्या, घट्ट, देखण्या.

निळी म्हणजे फेज, करंटची; हिरवी म्हणजे अर्थिंग, जमिनीत जाणारी; अदलाबदल झाली की जीव जातो. मी फ्रॉकात होते तेव्हा तूच शिकवलंस.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "डिस्कच खराब आलीय."

"या कंपन्यांचं कामच तसलं. एकाचा हात साफ नाही. आण इकडे, दुकानदाराला दाखवतो."

ते खरंच चपला घालायला लागले. आता डिस्क माझ्या कपड्यांच्या घडीखाली आहे, आणि सगळ्यांना खरं बोलायला सांगत फिरणारी मी रोज नवी थाप मारतेय.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, "हळू बोल." बाबा कामाला निघायच्या आधी वायरीच्या तुकड्यांच्या टोकांना दोरा ती बांधून देते. हिरवीला एक गाठ, निळीला दोन. कधीपासून, ते सांगत नाही. "डोळे दाखवा म्हटलं तर ताटावरून उठतात," एवढंच म्हणाली. दादा, दवाखान्याच्या पॅनेलवर आईच्या गाठी नसतील.

आणि एक गोष्ट. ज्या दुकानातला बोर्ड जळला, तिथं चारचौघांत बाबा तुला म्हणाले होते, असले जॉइंट माझ्या हाताखाली चालायचे नाहीत. तू बॅग भरताना दारात म्हणालास, "तो बोर्ड मी जोडलाच नव्हता." तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणीच तुला अडवलं नाही. आईनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आज मला कळतंय का. तो बोर्ड कुणाच्या हातचा, ते तिला माहीत असणार.

तू माफ कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. पण काल जेवताना बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "तो असता तर पॅनेलची वरची बाजू त्याला दिली असती." नंतर भात नको म्हणाले.

रविवारी ये. त्यांना मी सांगेन, तू नुसता शेजारी थांब. त्यांना दाखवायला त्या जुड्या मी तशाच बांधलेल्या ठेवल्यात. नाहीच आलास तरी सोमवारी सकाळी मी दारात आडवी उभी राहणार आहे. पण एकटी असले तर ते मला हातानं बाजूला सारून जातील. दोघं असलो तर त्यांना थांबावं लागेल.

दाराची दुसरी बाजू तुझ्यासाठी मोकळी ठेवून,
तुझी धाकटी