पुडीची घडी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. प्रयोगशाळेतला पंखा अजून तसाच करकरतो. वहिनीच्या पाठीचं कसं आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

गेल्या आठवड्यात एका मयत बाईच्या पोटातला नमुना आणि तिच्या गुडघेदुखीच्या औषधाची पुडी तपासायला आली. आमच्याकडे नाव येत नाही, नुसता नंबर. पण पुडीचा कोपरा दोनदा आत दुमडलेला होता. अशी घडी बाबांनी आपल्या दोघांनाच शिकवली. त्याच क्षणी मी ते काम दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. दिलं नाही. तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बचनागाचं विष निघालं, जसंच्या तसं. मला रडूही आलं नाही. हात धुतले आणि डबा खाल्ला.

काल साहेबांना सांगितलं, की पुडी माझ्या भावाच्या दवाखान्यातली आहे. आता दुसरा कुणीतरी पुन्हा तपासेल, पण निकाल बदलणार नाही.

वहिनी फोनवर म्हणाली, मुळं विकणाऱ्याने भेसळ केली असं तू जबाबात सांगितलंस आणि त्याला धरून नेलं. दादा, त्या बिचाऱ्याने बचनाग म्हणून बचनागच विकला. दुधात उकळून त्याचं विष उतरवायचं काम आपलं. "रोग्याआधी वैद्याची जीभ," बाबा म्हणायचे. उकळलेल्या मुळाची चकती जिभेवर ठेवायची, मुंग्या आल्या तर पुन्हा उकळायची. तू ठेवली असशीलच. तू कामचुकार नाहीस, हे मी कुठेही सांगेन.

पण तुला मुंग्या येणार कशा? त्या मोठ्या तापानंतर मी आले होते, तेव्हा वहिनीने चहात चुकून मीठ घातलं. मी थू थू केलं. तू तो कढत कप गटागटा संपवलास आणि म्हणालास, "झकास!" सगळे हसले. मीही हसले. तुझी जीभ बधिर झाल्याचं मला तेव्हाच कळलं होतं रे, माझा पेशाच तो. म्हटलं, मोठ्या भावाला कोण शिकवणार, आणि दवाखाना बंद पडला तर खापर माझ्यावर फुटेल.

सोमवारपर्यंत तू स्वतः पोलिसांकडे जाऊन खरं काय ते सांग. आपलं पाप त्या माणसाच्या माथी मारू नकोस. नाही गेलास तर मी जाईन, आणि चहाचंही सांगेन. तू चिडशील. चीड. मला सध्या काहीच वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

जीभ शाबूत असून गप्प बसलेली,
तुझी धाकटी