आमच्या जंगलातला चौथा पाम

ती. ताईस,

तुझ्याहून फक्त सात महिन्यांनी धाकट्या असलेल्या मावसभावाचा, कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? चांगलेच असतील. तुझं सगळंच चांगलं असतं, मग गुडघ्यांनी काय घोडं मारलंय! मी बरा आहे. परवा पायांना चौदा जळवा लागल्या होत्या, त्यातल्या तेरा काढल्या. चौदावी कुठे गेली ते कळलं नाही. भावोजींना माझा नमस्कार सांग. (त्यांना सांगशीलच असं नाही, पण लिहायची पद्धत आहे.)

तुझं पत्र मिळालं. त्यात तू जाता जाता लिहिलंयस की तुमच्या जंगलात पामची एकशे बारावी जात सापडली. ताई, लोक हरवलेली छत्री सापडल्याचं ज्या सुरात सांगतात, त्या सुरात तू हे सांगतेस! माझ्या जंगलात पामच्या जाती तीन. एक उंच, एक दलदलीतला आणि तिसरा वेत (जो पाम आहे हे पाहुण्यांना पटवण्यातच माझी अर्धी नोकरी गेली, त्यांच्या मते वेत म्हणजे खुर्ची). पाऊस आमच्याकडेही तुझ्याइतकाच, उकाडा तर तुझ्यापेक्षा काकणभर जास्तच. पण जाणकार म्हणतात, लाखो वर्षांपूर्वी आमच्या बाजूला जंगलं फार कोरडी पडली, तेव्हा बरेच पाम तग धरू शकले नाहीत. समुद्रापलीकडे तुझ्या बाजूला ओल टिकली आणि तिथे एकाचे दहा झाले. म्हणजे आपण जन्मायच्या आधीच ठरलं होतं, ताईला एकशे बारा द्यायचे आणि याला तीन. लहानपणी मावशीने आपल्या दोघांत मिळून एक रंगपेटी दिली होती, आठवतं? तेव्हाही तुझ्याकडे चोवीस रंग गेले आणि माझ्या वाट्याला झाकण आलं.

असो. मूळ गोष्ट वेगळीच आहे. मध्यंतरी आपल्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की तीन जातींसाठी अख्खा पाम विभाग कशाला हवा? एक बाई येऊन पाहणी करतील, त्यांच्या अहवालावर काय ते ठरेल. विभाग बंद झाला तर मी बियांच्या गोदामात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवणार, हे त्यात लिहिलेलं नव्हतं, पण मला वाचता आलं. आणि पाहणीला येणार कोण? तर तुझी शिष्या, सात वर्षं तुझ्याच हाताखाली तयार झालेली. जिने एकशे बारा पाहिले तिला मी तीन कोणत्या तोंडाने दाखवू? म्हणून मी कंबर कसून चौथा शोधायला निघालो.

आणि तो सापडला, ताई! ओढ्याच्या वरच्या अंगाला गुडघ्याएवढा पाम उभा. पान अजिबात चिरलेलं नाही, फक्त टोकाशी माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. आमच्या तिघांपैकी कुणाचंच पान असं नाही. आनंदाच्या भरात मी आमच्या वाटाड्याला कडकडून मिठी मारली. (तीस वर्षं या जंगलात वाट दाखवणारा अबोल माणूस; मिठीत तो खांबासारखा उभा राहिला.) मापं घेतली, चित्र काढलं, टिपण लिहून आपल्या त्रैमासिकाकडे धाडूनही दिलं. नवीन जातीला नाव माझंच दिलं. फूल नाही, फळ नाही, हे जरा खटकलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तुझं एकशे बारा डोळ्यांसमोर नाचत होतं, त्याच्यामागचं काही दिसेना.

मग तुझी शिष्या आली. मुलगी गुणी आहे, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. प्रत्येक झाडापाशी थांबून म्हणायची, "ताईंकडे याचा एक चुलतभाऊ आहे, त्याचे काटे काळे असतात." पहिल्या दिवशी 'ताई' सदतीस वेळा झालं (मी मोजलं, मोजणं हाच माझा धंदा). ते मोजण्याच्या नादात मी वेताच्या जाळीत शिरलो. वेताच्या आकड्यांनी आधी टोपी धरली, मग सदरा, मग कान. मी ओढत होतो आणि ती शांतपणे म्हणाली, "पुढे ओढू नका. एक पाऊल मागे या, तो आपोआप सोडतो." खरंच सोडलं. हे तूच शिकवलेलं असणार, म्हणून आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोठ्या थाटात तिला चौथा दाखवला. ती खाली बसली, बोटांनी माती उकरली, बुंध्यापासून निघालेल्या एका देठाचा माग काढत गेली आणि टोकाला अजून चिकटलेली जुनी करवंटी वर काढली. ती आमच्या उंच पामच्या बीची होती.

"भाऊ, हे पिल्लू आहे हो," ती म्हणाली. "लहानपणी यांचं पान अखंडच असतं, मोठेपणी चिरत जातं."

मी वाटाड्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके खूश झालात," तो म्हणाला. "मला वाटलं, पिल्लू दिसल्यावर होतात माणसं खूश."

तिसऱ्या दिवशी दाखवायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. म्हणून तिला दलदलीतल्या पामसमोरच्या मचाणावर नेऊन बसवलं आणि मी तोंड पाडून शेजारी बसलो. उन्हाळ्याचा शेवट, बाकी जंगलात फळाचा पत्ता नाही, पण हा घडच्या घड लेवून उभा. सकाळी धनेश आले, मग माकडं, मग खारी. वरून सांडलेलं खायला खाली रानडुकरं. पानाच्या बेचक्यात साठलेल्या चमचाभर पाण्यात एक बेडकीसुद्धा संसार थाटून बसलेली. संध्याकाळपर्यंत तिची वही भरत आली आणि दिवसभरात तिने एकदाही 'ताई' म्हटलं नाही.

मग वही मिटून म्हणाली, "तिकडे एक पाम फळला नाही तर दुसरा असतो. इथे हा एक चुकला, तर हे सगळे जायचे कुठे?"

ताई, अकरा वर्षं मी त्या झाडाखाली बसतोय. मी जाती मोजत बसलो, त्याच्या दारात किती जण जेवून जातात ते मोजायचं सुचलंच नाही. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माणसापेक्षा लांब असं एक वाळकं पान वरून कोसळलं आणि खालच्या दहा-बारा रोपांसकट माझा डबा सपाट झाला. (खाली कुठलं रोप जगेल नि कुठलं नाही, यातही त्या पानांचा मोठा हात असतो. डब्याच्या बाबतीत निकाल झाला.)

तिने अहवाल लिहिला: विभाग राहावा, नव्हे वाढावा. तेव्हा ताई, मला आता तुझा अजिबात हेवा वाटत नाही, एवढंच कळवायला हे पत्र.

तुझा
भाऊ

ता.क. अहवाल वर जायला वरिष्ठांची सही लागते आणि त्या वरिष्ठ तू आहेस, हे आत्ता कळलं. वरचा मजकूर बदलणार होतो, पण अक्षर छान आलंय. तू आधी सही कर, पत्र मग वाच.

आणखी ता.क. चौथ्या पामचं टिपण तपासायला त्रैमासिकवाले तुझ्याकडेच पाठवतील. नाकारून टाक. कारण काहीही दे, अक्षर वाचवत नाही म्हण. फक्त 'पिल्लू' हा शब्द वापरू नकोस.

शेवटचं ता.क. तुझ्या शिष्येला दोन वर्षं इथेच काम करायचंय. मी चकार शब्द काढला नव्हता. (काढला होता. थोडा.) तुला विचारायचा तिला धीर होत नाही, म्हणून मी विचारतो. हो म्हण. आणि हो म्हणताना तुला आतून जरा जरी जळल्यासारखं झालं, तर तसं स्वच्छ लिहून कळव. ते पत्र मी चौकट करून भिंतीवर लावीन.